ड्वार्फ फोर्ट्रेस: किल्ल्याभोवतीची अस्वलं मारायची की माणसाळवायची?

तळघर

मंडळी, सल्ला हवा आहे. ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळातला माझा ड्वार्फांचा (बुटक्यांचा) किल्ला थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात आहे. लाकूड मुबलक, वर्षातले बरेच महिने नदी गोठलेली, आणि ग्रिझ्ली अस्वलं एकामागून एक नकाशावर येतायत. मासेमारी करणारा एक ड्वार्फ नदीकाठीच गेला. त्याला थडगं दिलंय, त्यामुळे भुताचा प्रश्न नाही. पण लाकूडतोडे आणि कंदमुळं गोळा करणारे बाहेर पडले की सूचनांची रांग लागते. अस्वल दिसलं, काम सोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं.

सैन्य म्हणावं तर दोन आडधनुष्यवाले आहेत. त्यांच्याकडे हाडांचे बाण, अंगावर चामड्याचे कपडे. लोहारकाम अजून सुरू झालेलं नाही. आवृत्ती स्टीमवरची (स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान).

युद्धासाठी शिकवलेल्या अस्वलांबद्दल बरंच ऐकलंय आणि ते करून बघायची मनापासून इच्छा आहे. पण सगळे म्हणतात ते काम खरंच इतकं सोपं आहे का? की आधी सगळी मारून टाकावीत आणि किल्ला बळकट झाल्यावर त्या नादी लागावं?

कुदळफावडं

माणसाळवायचं नंतर बघू. आधी माणसं आत घ्या.

ड्वार्फचं आकारमान खेळात ६०,००० घनसेंटिमीटर धरलंय आणि पूर्ण वाढलेल्या ग्रिझ्लीचं २,००,०००. ध्रुवीय अस्वल ४,००,०००. या खेळात वजन आणि आकार लढाईत थेट मोजले जातात, त्यामुळे चिलखत नसलेला एकटा ड्वार्फ ग्रिझ्लीसमोर टिकत नाही. अस्वल चावतं तेव्हा दात रोवून धरून ठेवतं आणि झटके देतं. हात किंवा पाय त्यातच निकामी होतो. वाचला तरी पुढे कित्येक महिने कुबड्या आणि खाटेवर.

तेव्हा मासेमारी तूर्त बंद. पिण्याचं पाणी आतल्या आत मिळेल अशी विहीर खणा. बाहेर जायची वाट एकच ठेवा आणि तिच्यावर उचलता पूल बसवा, तरफ जेवणघराजवळ. अस्वलं दारं फोडणाऱ्या प्राण्यांत मोडत नाहीत, त्यामुळे कुलूपबंद दार किंवा उचललेला पूल त्यांना पुरेसा आहे. बाकी सगळ्यांसाठी आतली एक हद्द आखून ठेवा म्हणजे धोका दिसला की एका फटक्यात सगळे आत.

आणखी एक. कुणाला शिकारीचं काम दिलेलं असेल तर ते आत्ताच्या आत्ता काढा. बाण संपले की शिकारी नुसतं आडधनुष्य घेऊन अस्वलाला भिडतो. सुरुवातीच्या किल्ल्यांत सर्वांत जास्त माणसं अशीच जातात असं माझं निरीक्षण आहे.

शेवाळ

मी मारायच्या बाजूने. तटबंदीला झरोके पाडा, त्यामागे आडधनुष्यवाले उभे करा, अस्वल टप्प्यात आलं की मारण्याचा हुकूम द्या. झरोक्यातून बाण बाहेर जातो, अस्वल आत येत नाही.

एका ग्रिझ्लीतून किती मिळतं ते बघा. मांस, चरबी, कातडं, कवटी, भरपूर हाडं. हाडांचे परत बाण. चरबी स्वयंपाकघरात वितळवली की साबणाचा कच्चा माल, राखेच्या पाण्याबरोबर त्याचा साबण होतो आणि दवाखान्यात साबण असला की जखमा चिघळत नाहीत. सुरुवातीच्या किल्ल्याला हे सगळं हवंच असतं. पाळलेलं अस्वल यातलं काहीच देत नाही.

बुरुजावरून

शेवाळ, तुमचं म्हणणं सुरुवातीच्या एक-दोन अस्वलांपुरतं पटतं. पण तळघर यांच्याकडे लाकूड मुबलक आहे, आणि या खेळात लाकूड म्हणजे पिंजरे. पिंजऱ्याच्या सापळ्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं हत्यार सुरुवातीला दुसरं नाही. सैनिक लागत नाही, लोखंड लागत नाही, रक्त सांडत नाही.

सविस्तर लिहितो, कारण नवीन लोक इथे नेमके अडतात.

सुताराच्या यादीत दोन गोष्टी दिसतात: पिंजरा आणि प्राण्यांचा छोटा सापळा. छोटा सापळा उंदीर-घुशींसारख्या बारीक जिवांसाठी आहे, अस्वलाला त्याचा काही उपयोग नाही. तुम्हाला हवा तो पिंजरा. एका पिंजऱ्याला एक ओंडका. दुसरी वस्तू म्हणजे यंत्रणा, ती दगडापासून मेकॅनिक बनवतो, एका यंत्रणेला एक दगड. या दोन्ही तयार असल्या की बांधकामाच्या यादीतून सापळे, त्यात पिंजऱ्याचा सापळा. बसवायचं काम मेकॅनिकचंच.

जंगली प्राण्याने त्या चौकोनावर पाय ठेवला की तो बंद. झटापट नाही, नशिबाचा भाग नाही. ग्रिझ्ली असो की ध्रुवीय अस्वल, लाकडी पिंजराही पुरतो. तुमचे ड्वार्फ आणि व्यापारी त्यावरून बिनधास्त चालू शकतात. प्राणी अडकला की ओझी वाहणारे पिंजरा उचलून प्राण्यांच्या साठ्यात नेतात आणि मेकॅनिक रिकाम्या सापळ्यात नवीन पिंजरा घालतो. म्हणून पिंजऱ्यांचा साठा नेहमी शिल्लक हवा. एक अस्वल धरलं आणि मागे सापळा रिकामा राहिला, तर पाठोपाठ येणारं दुसरं अस्वल सरळ आत.

जागेबद्दल. मोकळ्या रानात पाच-दहा सापळे विखरून टाकले तर प्राणी त्यांच्यामधून फिरत राहतात. सापळ्यांना अरुंद वाट हवी. किल्ल्याच्या दारापुढे एक-दोन चौकोन रुंदीचा बोळ काढा, दोन्ही बाजूंना भिंती, आणि बोळाची पूर्ण रुंदी सापळ्यांनी भरा. एक रांग नको, मागे आणखी दोन-तीन रांगा. अस्वलांना तुमच्या अन्नाच्या साठ्याची ओढ असते, ती स्वतःहून आत घुसायला बघतात. त्यामुळे धावत जाऊन त्यांना शोधावं लागत नाही, फक्त त्यांची वाट तुमच्या बोळातून जाईल एवढं बघायचं.

नदीकाठी प्राणी पाणी प्यायला जातात आणि झाडांच्या गर्दीतही वाटा आपोआप अरुंद होतात, तिथेही थोडे सापळे लावून ठेवावेत. पण मुख्य भर दारावर.

पोलादी पहाट

बुरुजावरून +१. याच बोळाचा पुढे किल्ल्यावर चालून येणाऱ्या गॉब्लिनांविरुद्धही उपयोग होतो, त्यामुळे केलेली मेहनत वाया जात नाही.

तळघर

धन्यवाद सगळ्यांना. पूल आणि विहीर झाली. बोळ खणून सापळे लावले आणि एक ग्रिझ्ली मादी आत आली आहे. पिंजरा प्राण्यांच्या साठ्यात आहे, आतून ती काही करू शकत नाही ना? आणि आता पुढे काय? तिला बाहेर कुरणात सोडायचं आणि मग शिकवायचं, की पिंजऱ्यातच?

पोलादी पहाट

पिंजऱ्यातच! जंगली अवस्थेतलं अस्वल कुरण नेमून बाहेर काढलं तर ते बाहेर येताच जंगलीच असतं आणि तुमच्या माणसांच्या घोळक्यात मोकळं होतं. पिंजऱ्यात आहे तोवर ती कुणालाही इजा करू शकत नाही, उपाशी मरत नाही, तहानेने मरत नाही. घाई कसलीच नाही.

क्रम असा ठेवा.

क्षेत्रांच्या यादीतून प्राणी-प्रशिक्षणाचं क्षेत्र आखा. मोठं नको, आत कुठेतरी, मुख्य रस्त्यापासून दूर. मग एका ड्वार्फला प्राणी-प्रशिक्षणाचं काम द्या आणि त्याच्यावर फक्त नेमलेलीच कामं करायची खूण करा. नाहीतर तो शिकवणं सोडून दगड वाहत बसतो. या कामाचं कौशल्य असलेला स्थलांतरित आला असेल तर तोच निवडा, कारण शिकवण्याचा दर्जा प्रशिक्षकाच्या हातावर ठरतो.

मग पाळीव प्राण्यांच्या यादीत जा. पिंजऱ्यातले जंगली प्राणी तिथे दिसतात. मादीच्या नावापुढे माणसाळवण्याची खूण करा आणि प्रशिक्षक म्हणून कुणीही चालेल असं न ठेवता त्याच ड्वार्फचं नाव द्या. वेगवेगळ्या नवशिक्यांनी आळीपाळीने शिकवण्यापेक्षा एकाचाच हात बसू द्यावा.

शिकवताना खाऊ लागतो. मांस, मासे, वनस्पती असं सगळं थोडं थोडं साठ्यात असू द्या. साठा रिकामा असेल तर काम रद्द झाल्याच्या सूचना येत राहतात आणि लोकांना वाटतं की क्षेत्रच चुकलंय.

पहिल्या यशस्वी शिकवणीनंतर अस्वल जंगली राहत नाही. पण कितपत शिकलंय याच्या पायऱ्या आहेत. तळाशी अर्धजंगली, वर शिकवलेलं, मग चांगलं शिकवलेलं, असं करत करत अगदी निष्णात हाताने शिकवलेलं. आणि या सगळ्या पायऱ्यांच्या पलीकडे पूर्ण माणसाळलेलं. हा शेवटचा फरक फार महत्त्वाचा आहे. माणसाळलेला प्राणी कायमचा तुमचा. बाकीच्या सगळ्या पायऱ्यांवरचा प्राणी काळाबरोबर खाली घसरतो.

शेवाळ

आणि मोठं झाल्यावर पकडलेलं अस्वल त्या शेवटच्या पायरीवर जात नाही. हेच तर मी म्हणतोय. तुम्ही शिकवत राहायचं, ते विसरत राहायचं, आणि ज्या दिवशी प्रशिक्षक आजारी पडेल किंवा कुठल्या तरी विचित्र झपाटलेपणात कार्यशाळा अडवून बसेल, त्या दिवशी जेवणघरात ग्रिझ्ली. इतकी जोखीम कशासाठी?

पोलादी पहाट

शेवाळ, तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण म्हणून अस्वलंच नकोत, हे मात्र पटत नाही. मोठ्या अस्वलावर विसंबायचंच नाही. त्याच्याकडून दोनच गोष्टी घ्यायच्या: पिल्लं आणि ज्ञान.

पिल्लं आधी. लहानपणापासून शिकवलेलं पिल्लू पूर्ण माणसाळतं, आणि मग त्याला पुन्हा पुन्हा शिकवायची गरज राहत नाही. म्हणजे तुमची खरी अस्वलं ही दुसऱ्या पिढीतली. पकडलेली जोडी म्हणजे फक्त त्यांचे आईबाप.

आता ज्ञान. हा भाग बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्राण्यांच्या यादीतच एकूण प्रशिक्षणाचं पान आहे. त्यात प्रत्येक जातीबद्दल तुमच्या लोकांना किती माहिती आहे ते दिसतं. सुरुवातीला ग्रिझ्लीचं नावही नसतं. मग थोडीफार माहिती, मग सर्वसाधारण ओळख, मग जाणकारी, असं ते वाढत जातं. प्रत्येक शिकवणीने त्यात भर पडते. जातीबद्दलचं ज्ञान वाढलं की त्या जातीचे पुढचे प्राणी चांगले शिकतात आणि शिकलेलं जास्त काळ टिकतं. म्हणून पहिल्या मादीला शिकवण्यात गेलेला वेळ फुकट नाही, जरी ती स्वतः कधीच पूर्ण माणसाळणार नसली तरी. मात्र ज्ञान जातीनिहाय असतं. काळ्या अस्वलांवर केलेली मेहनत ग्रिझ्लीला लागू होत नाही. त्यामुळे एकच जात धरून चला.

बुरुजावरून

एक भर घालतो. लोकांना वाटतं अस्वल पाळायचं म्हणजे खायला किती घालावं लागेल. या खेळात चरणारे प्राणी तेवढे गवताशिवाय मरतात. अस्वल चरणारं नाही. एकदा ताब्यात आलं की त्याला रोजचं खाणं लागत नाही, गवताची जमीन लागत नाही. दगडात कोरलेली साधी खोलीही कुरण म्हणून चालते. गायी-मेंढ्यांपेक्षा अस्वल सांभाळणं स्वस्त आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल पण खरं आहे. शिकवतानाचा खाऊ तेवढा वेगळा.

जुनी खाण

हा धागा वाचून बरं वाटलं. आम्ही खेळायला लागलो तेव्हा अस्वलासारख्या परक्या प्राण्यांना माणसाळवायचं तर अंधारकोठडीचा प्रमुख नावाचा एक खास मानकरी किल्ल्यात यावा लागायचा. नंतरच्या काही आवृत्त्यांत तो यायचाच बंद झाला आणि पिंजऱ्यातली अस्वलं नुसती बघत बसावी लागायची. शिकवण्याच्या पायऱ्या आणि जातीबद्दलचं ज्ञान ही आत्ताची पद्धत २०१२ मधल्या आवृत्तीत आली. २००६ मध्ये खेळ पहिल्यांदा लोकांसमोर आला त्यानंतर प्राण्यांच्या बाबतीत झालेला हा सर्वांत मोठा बदल, असं मी मानतो. डिसेंबर २०२२ च्या स्टीम आवृत्तीने त्यावर चित्रं आणि माउसने खेळायची सोय चढवली, गाभा तोच राहिला. त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांतल्या कीबोर्डच्या कळा बदलल्या असल्या तरी प्राण्यांचे नियम बरेचसे लागू पडतात.

आता एक जवळची वाट सांगतो. तुमच्या शेजारी एल्फ (झाडांना जपणारी जमात) आहेत का? असतील तर त्यांचा व्यापारी तांडा वसंतात येतो आणि बरोबर पिंजऱ्यांत माणसाळलेले जंगली प्राणी आणतो. काय आणतील ते आपल्या हातात नसतं, पण अस्वलं येतात. तो प्राणी माणसाळलेलाच असतो, शिकवणीची गरज नाही. तुमच्याकडे मादी आहे, तिच्यासाठी नर असा मिळाला तर अर्धं काम झालं. फक्त एल्फांना झाड तोडून बनवलेली कुठलीही वस्तू देऊ करू नका, अगदी लाकडी पेटीसुद्धा. ते चिडून निघून जातात. दगडी घडीव वस्तू द्या, तयार कपडे द्या.

शेवाळ

एल्फांची वाट मला मान्य आहे. त्यात जोखीम नाही.

दगडीमहाल

या धाग्यात एक इशारा राहिलाय. प्रत्येक अस्वल हे अस्वल नसतं. शापित भूमीवर किल्ला असेल तर मेलेली अस्वलं उठून फिरतात. ती सापळ्यात सापडतात, पण त्यांना माणसाळवता येत नाही. पिंजऱ्यातच राहू द्या किंवा कुठेतरी बंद करून टाका. आणि अस्वलाचं रूप घेणारा शापित माणूस हा तर वेगळाच प्रकार. पौर्णिमेला तो रूप बदलतो आणि त्याने चावलेला ड्वार्फ वाचला तरी पुढे स्वतःच तसा होतो. असा कुणी आल्याची सूचना दिसली की पूल वर, सगळे आत, आणि तो माणसाच्या रूपात परतेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. त्याच्याशी लढून जखमी झालेल्या प्रत्येकाला वेगळं कोंडून ठेवा.

आकाराने अवाढव्य असलेलं महाकाय ग्रिझ्ली मात्र खरं अस्वलच आहे. त्याला हेच सगळे नियम लागू. पण खेळाच्या दृष्टीने ती वेगळी जात आहे, साध्या ग्रिझ्लीशी तिची जोडी जमत नाही.

तळघर

दगडीमहाल, चांगलं केलंत सांगून. आमची भूमी शांत आहे.

मधल्या काळात बरंच झालं. मादी चांगलं शिकवलेलं या पायरीपर्यंत आली. नदीकाठच्या सापळ्यात नरही सापडला, तोही आता अर्धजंगलीच्या वर गेलाय. आता त्यांना एकत्र कसं आणायचं? पिंजऱ्यात एकत्र ठेवले तर पिल्लं होतील का? आणि सोडले तर शेवाळ म्हणतात तो धोका आहेच.

पोलादी पहाट

पिंजऱ्यात जोडी जमत नाही. पिल्लं हवी असतील तर दोघांना पिंजऱ्याबाहेर काढावंच लागतं. म्हणून त्यांच्यासाठी अशी खोली करा, की उद्या त्यातलं एक सगळं विसरून पुन्हा जंगली झालं तरी ते आतच राहील.

मी करते ती रचना सांगते. मुख्य वस्तीपासून दूर, खालच्या मजल्यावर, दगडात कोरलेली खोली. आत जायला एक छोटा बोळ. बोळाच्या दोन्ही टोकांना दार आणि मध्ये सलग पिंजऱ्याचे सापळे. खोलीत कुरण आखायचं आणि दोन्ही अस्वलं त्या कुरणाला नेमायची. ड्वार्फ त्यांना दोरीला धरून आणावं तसं घेऊन येतो. प्रशिक्षणाचं क्षेत्र त्याच खोलीला लागून. प्रशिक्षकाची झोपायची खोलीही जवळच दिली तर त्याची ये-जा वाचते.

अस्वल जंगली झालंच आणि बाहेर पडायला निघालं तर ते स्वतःच्याच बोळातल्या सापळ्यात सापडतं आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवणी सुरू. जोवर ते तुमचं आहे तोवर तेच सापळे त्याला काही करत नाहीत. ही सोय खेळाने आपसूक दिलेली आहे, तिचा पुरेपूर वापर करा.

आणि यादीतली प्रशिक्षकाची नेमणूक काढू नका. ती चालू ठेवली की अस्वलाची पायरी घसरायला लागल्यावर तो स्वतःहून पुन्हा शिकवायला जातो. अर्धजंगलीपर्यंत घसरलेलं दिसलं आणि प्रशिक्षक दुसरीकडे अडकलेला असेल, तर त्या प्राण्याला तात्पुरतं पिंजऱ्यात परत घाला. मी नराला नेहमी जरा जास्त वरच्या पायरीवर आणूनच सोडते, निव्वळ मनाच्या स्वस्थतेसाठी.

शेवाळ

खोलीच्या बोळात सापळे ही कल्पना मला आवडली. यात माझी हरकत बरीचशी निघून जाते. फक्त प्रशिक्षकाला एकटं ठेवू नका. अस्वल फिरलं तर पहिला बळी त्याचाच. एक कुशल सैनिक दाराशी, आणि आणखी एका ड्वार्फला थोडं थोडं शिकवायचं काम देऊन तयार करून ठेवा. प्रशिक्षक गेला तर सगळी साखळी तुटते.

पोलादी पहाट

दुसरा प्रशिक्षक तयार ठेवायचा, हे अगदी मान्य. एकाचाच हात बसू द्या असं मी वर लिहिलं ते पहिल्या अस्वलापुरतं. पुढे दोन हवेतच.

तळघर

पिल्लं झाली! मादीबरोबर दोन पिल्लं खोलीत फिरतायत. दोघांनाही जन्मल्या जन्मल्या प्रशिक्षक नेमून दिला. पाठोपाठ शिकवणी चालली आहे आणि एक पूर्ण माणसाळलेलं दाखवतंय. एवढासा जीव आणि यादीत त्याच्या नावापुढे ती खूण दिसली तेव्हा खूप आनंद झाला, शब्दांत सांगता येत नाही.

आता युद्धाचं शिक्षण कधी द्यायचं? आणि शिकाऱ्याबरोबर पाठवायचं की सैनिकाबरोबर?

जुनी खाण

अभिनंदन! पूर्ण वाढू द्या त्यांना. युद्ध आणि शिकार यांपैकी एकच निवडायचं असतं. एकदा एक शिक्षण दिलं की त्याच प्राण्याला दुसरं देता येत नाही, म्हणून आधी ठरवा. ग्रिझ्ली शिकारीवर घालवू नका. शिकारीला जाणारा प्राणी किल्ल्यापासून दूर, मदतीपासून दूर असतो. युद्धाचंच द्या.

कुणाला द्यायचं हा खरा प्रश्न. लोक सेनापतीला देतात. माझ्या मते ते वाया जातं. सेनापती पोलादी चिलखतात असतो, त्याला अस्वलाची गरज नाही, आणि तो सगळ्यांत दाट लढाईत घुसतो, जिथे अस्वलाच्या अंगावर काहीच नसतं. गॉब्लिनांचे बाण सरळ कातड्यात. चिलखत घालता येत नाही हे विसरू नका.

अस्वल द्या त्या लोकांना जे निःशस्त्र बाहेर जातात. लाकूडतोडा, मासे धरणारा, कंदमुळं गोळा करणारी. ज्यांच्यामुळे तुम्ही हा धागा काढलात तेच. नेमून दिलेलं अस्वल मालकाच्या मागे मागे फिरतं. एखादा जंगली प्राणी किंवा पोरं पळवणारा चोर आला तर मालक पळतो आणि अस्वल भिडतं. तेवढा वेळ पुरतो.

कुदळफावडं

पूर्ण सहमत. नेमताना दहा वेळा विचार करा एवढंच. दिलेलं अस्वल परत काढून घेऊन दुसऱ्याला देणं त्रासाचं असतं. आणि मालकाचा जीव जनावरावर जडतो, अस्वल मेलं तर त्याला दुःख होतं. आधीच खचलेल्या ड्वार्फला देऊ नका.

बुरुजावरून

मी थोडं वेगळं करतो. सगळी अस्वलं माणसांना न देता काही दाराच्या बोळामागे कुरण आखून ठेवतो, किंवा दोरीने बांधून. सापळे भरून गेल्यावरही जो शत्रू आत येतो त्याच्यासमोर चिलखती पथक पोहोचेपर्यंत ही फळी उभी राहते. तुमच्या बोळाची रचना त्यासाठी आयती आहे. एक-दोन बाहेरच्या कामकऱ्यांना, बाकीची दाराशी, असं वाटून बघा.

तळघर

ठरलं. माणसाळलेल्यांतलं एक लाकूडतोड्याला, दुसरं दाराशी. आईबाप आहेत तिथेच खोलीत.

शेवटची शंका. मादीला पुन्हा पिल्लं होणार, मग त्यांना होणार. एकाच खोलीत किती राहू शकतात?

पोलादी पहाट

गर्दी होऊ देऊ नका. एका कुरणात दाटी झाली की प्राणी आपसांत भांडायला लागतात, आणि अस्वलांचं भांडण कोंबड्यांसारखं नसतं. खोली ऐसपैस करा, वाढलेली पिल्लं वेगळ्या कुरणात हलवा. ती पूर्ण माणसाळलेली असतील तर त्यांना सापळ्यांच्या बोळाची गरज नाही, साधी खोली चालेल.

नर जास्त झाले तर काहींचं खच्चीकरण करा. यादीत त्याची खूण आहे, काम शेतकऱ्याच्या कार्यशाळेत होतं. जागा कमी पडली तर एकाच बांधलेल्या पिंजऱ्यात कितीही माणसाळलेले प्राणी ठेवता येतात, तिथे ते भांडतही नाहीत आणि पिल्लंही थांबतात. मोकळी जनावरं फार झाली की खेळाचा वेगही मंदावतो, म्हणून जास्तीची पिंजऱ्यातच बरी.

शेवाळ

आणि त्यातूनही उरली तर खाटकाची खूण आहेच. माणसाळलेल्या अस्वलाला ती करता येते, पिंजऱ्यातल्या जंगलीला येत नाही. म्हणजे आता मांस, कातडं आणि साबणही तुमच्याच खोलीतून. तळघर, त्या पकडलेल्या नराची पायरी सध्या काय दाखवतेय तेवढं बघून सांगा, तुम्ही बरेच दिवस त्याच्याबद्दल लिहिलेलं नाही.

तळघर

आत्ताच पाहिलं. पुन्हा अर्धजंगलीवर आलाय. प्रशिक्षक पिल्लांमागे असतो ना. खोलीच्या बाहेर पिंजरा बांधून त्याला नेमून दिलाय, दुसरी प्रशिक्षक त्याच्याकडे पाठवते.